सेक्शन, रांग, खुर्ची: उघड्यावरच्या मैफलीतल्या अशरकामाची प्रश्नोत्तरे

अमेरिकेत मे महिना कलला की उघड्यावरच्या मोठ्या प्रेक्षागारांचा हंगाम सुरू होतो. न्यू जर्सीत होल्मडेलचं पीएनसी बँक आर्ट्स सेंटर, कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूचं शोरलाइन, शिकागोजवळचं रविनिया, व्हर्जिनियातलं वुल्फ ट्रॅप. पुढे छपराखाली खुर्च्या आणि मागे उतरत्या हिरवळीवर चटया टाकून बसलेली माणसं, अशी यांतल्या बहुतेकांची रचना. इथे तिकीट पाहून खुर्चीपर्यंत पोचवायला, वाटा मोकळ्या ठेवायला आणि काही बिघडलं तर योग्य माणसाला बोलवायला अशर लागतात. शाळकरी मुलांसाठी ही उन्हाळ्यातली चांगली नोकरी आहे. मुलांकडून आणि पालकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न: मुलगी नुकतीच पंधरा वर्षांची झाली. आम्ही एडिसनला राहतो. होल्मडेलला अशरचं काम करायचं म्हणून ती हटून बसली आहे. मिळेल का? रात्री किती वाजेपर्यंत थांबवतील? (एक आई, न्यू जर्सी)

या उन्हाळ्यात बहुधा नाही मिळणार. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार १४ आणि १५ वर्षांच्या मुलांना एरवी संध्याकाळी ७ पर्यंत आणि १ जून ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) या काळात रात्री ९ पर्यंतच काम करता येतं. शाळा बंद असताना दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४० तास ही मर्यादा. मैफल सुरू होते सात-साडेसातला आणि संपते अकराच्या सुमारास. अशरची खरी गरज नऊनंतर, अंधार पडल्यावर असते. ऐन वेळी घरी पाठवावा लागेल असा माणूस कोण घेईल? म्हणून बरीच प्रेक्षागारं सोळाची अट घालतात, काही तर अठराची. जाहिरातीत वय लिहिलेलं नसेल तर अर्ज भरण्याआधी विचारून घ्या.

सोळा पूर्ण झाली की केंद्रीय कायदा तासांवर बंधन घालत नाही, पण राज्याचा कायदा घालतो. न्यू जर्सीत १६-१७ वर्षांच्या मुलांना उन्हाळी सुट्टीत आठवड्याला ५० तास आणि दिवसाला १० तासांपर्यंत काम करता येतं. रात्री ११ नंतर थांबायचं तर पालकांची वेगळी लेखी परवानगी लागते, आणि दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर तेही चालत नाही. कॅलिफोर्नियात याच वयाला शाळेच्या आदल्या रात्री १० आणि सुट्टीच्या आदल्या रात्री साडेबारा ही मर्यादा आहे.

कागदपत्रांचं म्हणाल तर न्यू जर्सीत जून २०२३ पासून वर्किंग पेपर्ससाठी, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या कामाच्या परवान्यासाठी, शाळेत खेटे घालावे लागत नाहीत. सगळं राज्याच्या संकेतस्थळावर होतं. आधी मालक नोंदणी करतो आणि त्याला एक कोड मिळतो. तो कोड घालून मुलगी अर्ज भरते आणि तुम्हाला ईमेल येतो, त्यावर तुम्ही संमती द्यायची. कोड मिळाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, म्हणून नोकरी पक्की झाल्या दिवशीच तो मागून घ्या. कॅलिफोर्नियात मात्र अजून शाळेकडूनच परवाना मिळतो. तिथे बी१-१ हा फॉर्म मुलाने, पालकाने आणि मालकाने भरायचा असतो, आणि जूनमध्ये शाळेचं ऑफिस बंद झालं की पंचाईत होते. भरती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरकते, तेव्हा परवान्याचं काम मेमध्येच करून टाका.

एक गोष्ट पालकांच्या ध्यानात सहसा राहत नाही, ती म्हणजे रात्री न्यायला येणं. शो सुटल्यावर हजारो गाड्या एकाच वेळी बाहेर पडतात. शिफ्ट संपल्यावर कर्मचारी कोणत्या गेटातून बाहेर पडतात आणि पालकांनी गाडी कुठे लावायची, हे पहिल्याच दिवशी विचारा.

प्रश्न: मुलगा सतरा वर्षांचा, एच-फोर (अवलंबितांच्या) व्हिसावर. काम मिळालं, पण सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. पगार न घेता नुसता अनुभवासाठी केलं तर चालेल ना? (एक वडील, टेक्सास)

नाही चालणार. कृपा करून हा मार्ग धरू नका. एच-फोरवरच्या मुलांना काम करण्याची परवानगी नसते. एच-फोरवर ईएडी (कामाचा परवाना) मिळतो असं जे ऐकता, ते काही ठरावीक एच-वनबी धारकांच्या पती-पत्नीपुरतं आहे. मुलांना ते लागू नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत पगारी जागेवर फुकट राबणं हे कामगार कायद्यातही बसत नाही आणि व्हिसाच्या दृष्टीनेही ते अनधिकृत काम ठरू शकतं. त्याची झळ पुढे ग्रीन कार्डच्या अर्जाला बसते. चार उन्हाळी शनिवारांसाठी ही जोखीम घेण्यात काहीच अर्थ नाही.

तुमच्या कुटुंबाचा आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डचा अर्ज दाखल होऊन प्रलंबित असेल तर गोष्ट वेगळी. मुलाच्या नावाने आय-७६५ भरून ईएडी मागता येतो आणि त्याच फॉर्मवर सोशल सिक्युरिटी नंबरही मागता येतो. कार्ड हातात आलं की बिनधास्त नोकरी धरावी. तोवर ना-नफा संस्थांच्या किंवा सार्वजनिक उद्यानांतल्या मैफलींमध्ये ज्या जागा आधीपासून सगळ्यांसाठीच स्वयंसेवकांच्या आहेत, त्या पाहा. तिथेही फुकट तिकिटं वगैरे मोबदला मिळत असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात किंवा बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात दारावर उभं राहून तिकिटं तपासण्याचा अनुभवही अर्जात लिहिण्याजोगा आहे. मात्र "मदत केली" असं मोघम लिहू नये. किती प्रेक्षक होते, दार कोणतं, काम काय, हे लिहावं.

प्रश्न: पहिल्या शिफ्टला काय घेऊन जाऊ? (वय १६)

शर्ट आणि ओळखपत्र ते देतील. काळी पँट बहुधा तुझी. बूट जुने, पायाला बसलेले, तळवा न घसरणारा. नवे कोरे बूट घालून सहा तास काँक्रीटच्या पायऱ्यांवर चढ-उतार केलीस तर दुसऱ्या दिवशी पाय टेकवणार नाहीत. जाड मोजे घाल आणि एक जोडी जास्तीची ठेव, पाऊस आला तर उपयोगी पडते. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन घे आणि दर दोन तासांनी पुन्हा लाव. छोटी टॉर्च, पेन, छोटी वही, इअरप्लगच्या दोन जोड्या आणि पाण्याची बाटली एवढं पुरे. फोन खिशात, आणि तो खिशातच राहू दे. पिशवी पारदर्शक असावी. अनेक ठिकाणी १२ बाय ६ बाय १२ इंचांचा प्रेक्षकांचा नियम नोकरांनाही लागू असतो.

काम करण्याचा हक्क आहे हे दाखवायला आय-नाइन फॉर्म भरावा लागतो. पासपोर्ट अमेरिकेचा असेल तर तो एकटा पुरतो. नसेल तर शाळेचं फोटो ओळखपत्र आणि सोबत सोशल सिक्युरिटी कार्ड किंवा जन्मदाखला, असा जोड लागतो. मूळ कागद लागतात, फोनमधला फोटो चालत नाही. पहिल्या दिवसापासून कामाच्या तीन दिवसांच्या आत मालकाने ते पाहायचे असतात.

प्रश्न: लोकांना खुर्चीवर बसवणं सोपं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात दोन कुटुंबं एकाच खुर्च्यांवरून भांडली आणि मी मध्ये गोंधळून उभी. अशा वेळी नेमकं काय करायचं? (वय १७, कॅलिफोर्निया)

या कामाचं सगळं कसब इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गेट उघडण्याआधी आपला सेक्शन वरपासून खालपर्यंत एकदा चालून घे. प्रत्येक रांगेचं अक्षर कुठे रंगवलंय, पायरीच्या काठावर की कडेच्या खुर्चीच्या हातावर, ते बघ. रांगा बोटांवर मोजत बसू नकोस. अनेक प्रेक्षागारांत आय आणि ओ ही अक्षरं गाळलेली असतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. त्यामुळे के ही अकरावी रांग नसून दहावी असू शकते. झेडनंतर एए, बीबी सुरू होतात. पण काही ठिकाणी एए ही सगळ्यात पुढची रांग असते. "मागे जा" म्हणून सांगितलंस आणि ते पुढचे निघाले तर अख्खी रांग उठवावी लागते. खुर्ची नंबर एक कोणत्या बाजूला, हेही पाठ कर. बऱ्याच ठिकाणी ती शेजारच्या लहान क्रमांकाच्या सेक्शनकडे असते. म्हणजे २०३ मधली पहिली खुर्ची २०२ च्या बाजूला. हे एकदा डोक्यात बसलं की "डावीकडून आत शिरा" हे तिकीट पाहता पाहताच सांगता येतं आणि कुणाला पंधरा जणांच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही.

आता भांडण. एका खुर्चीवर दोन दावेदार असले तरी खरंच एकच खुर्ची दोनदा विकली गेली, असं क्वचितच निघतं. नेहमीची कारणं चार. एकाचं तिकीट शेजारच्या किंवा वरच्या सेक्शनचं असतं, रांग आणि खुर्ची मात्र तीच: १०३ आणि २०३ मध्ये ही गल्लत रोज होते. कलाकाराचे लागोपाठ दोन दिवस कार्यक्रम असतील तर कुणीतरी उद्याचं तिकीट घेऊन आज आलेलं असतं. तिसरं, रांगेत सुरुवातीला कुणीतरी एक खुर्ची सरकून बसलं आणि पुढचे सगळे एकेक सरकले. चौथं, तिकीट पुढे विकलेलं असतं आणि जुन्या मालकाकडे त्याचा स्क्रीनशॉट उरलेला असतो.

म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला ठेव: तारीख, सेक्शन, रांग, खुर्ची. दोन्ही बाजूंची तिकिटं माग, नुसतं उभ्या माणसाचं बघून बसलेल्याला उठवू नकोस. फोनचा उजेड पूर्ण वाढवायला सांग, ॲपमधलं तिकीट उघडायला सांग, फोन मात्र त्यांच्याच हातात राहू दे. उन्हात पडदा दिसत नसेल तर आपल्या अंगाची सावली त्यावर धर. दहातली नऊ प्रकरणं इथेच मिटतात. चूक ज्याची निघेल त्याला "तुमची जागा इथून जवळच आहे, चला दाखवते" म्हण आणि स्वतः सोबत जा. लोकांना चुकल्याचं एवढं वाटत नाही, चारचौघांत चुकल्याचं वाटतं.

तिकिटं खरंच सारखी निघाली तर बसलेल्याला बसू दे. नंतर आलेल्यांना घेऊन रांगेबाहेर, वाटेच्या तोंडाशी ये आणि सुपरवायझरला बोलव. बॉक्स ऑफिसकडे अशा वेळेसाठी काही जागा राखून ठेवलेल्या असतात. "तुमचं तिकीट खोटं आहे" हे वाक्य तुझ्या तोंडून कधीही जाता कामा नये. ते ठरवायचा अधिकार तुला नाही, आणि निम्म्या वेळी ते खरंही नसतं.

अंधार पडल्यावर टॉर्चचा झोत जमिनीवर, येणाऱ्या माणसाच्या एक पायरी पुढे ठेव. तू पुढे चालत असशील तर टॉर्च मागे वळवून त्याच्या पावलांपुढे धर. चेहऱ्यावर मारलास तर त्याला पुढची काही मिनिटं काहीच दिसत नाही आणि पुढच्याच पायरीवर तो पडतो. मैफल चालू असताना तुझं तोंड प्रेक्षकांकडे हवं. सगळ्या नव्या मुलांना हे अवघड जातं, आवडता बँड पाठीमागे वाजत असतो ना! पण पडलेला, घुसमटलेला किंवा वाटेत नाचायला आलेला माणूस पाठीला दिसत नाही.

प्रश्न: मंडळातले ओळखीचे काका शोला भेटले. "अरे, पुढे एवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत, बसव की आम्हाला," म्हणाले, वर वीस डॉलर पुढे केले. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? (वय १७, न्यू जर्सी)

हसून म्हणायचं, पण म्हणायचं. "काका, मला परवानगी नाही. जागा बदलून हवी असेल तर बॉक्स ऑफिसला विचारा, कधी कधी देतात." पैसे हातात घ्यायचेच नाहीत, घेऊन परत देणंही नाही. रिकाम्या दिसणाऱ्या खुर्च्या बहुधा रिकाम्या नसतात. कुणी पार्किंगमध्ये अडकलेलं असतं. पुष्कळ लोक पहिला कलाकार सोडून मुख्य कलाकाराच्या वेळीच येतात, काही जागा निर्मात्यांनी धरून ठेवलेल्या असतात. तू काकांना बसवलंस आणि खरे धनी आले, तर उठवायलाही तुलाच जावं लागेल. शिवाय पैसे घेऊन जागा देणं हे अशरला त्याच रात्री घरी पाठवण्याचं सगळ्यात सरळ कारण आहे. काका पुढच्या गणपतीत आईकडे तक्रार करतील. करू देत.

प्रश्न: दारू प्यायलेल्या माणसाशी कसं बोलायचं? मुलगा बारीक चणीचा आहे, काळजी वाटते. (एक आई, इलिनॉय)

चणीचा इथे संबंध नाही, कारण झटापट हे अशरचं काम नाहीच. आम्ही मुलांना हे शिकवतो: दीड हात अंतर ठेव, हात मोकळे आणि समोर दिसतील असे. एकदाच, साध्या आवाजात सांग: "सर, ही वाट मोकळी ठेवावी लागते, आपल्या जागेवर या." ऐकलं तर ठीक. नाही ऐकलं तर वाद घालू नकोस, पुन्हा सांगू नकोस, चार पावलं बाजूला हो आणि सिक्युरिटीला बोलव. अंगाला हात लावायचा नाही, खांद्यावरसुद्धा नाही. पायऱ्यांवर तोल जाणाऱ्या माणसाच्या खालच्या पायरीवर समोर उभं राहायचं नाही. तो पडला तर तुझ्यासकट पडेल. कडेला उभा राहा.

कुणाचा बिअरचा ग्लास धरायलाही हो म्हणू नये. २१ वर्षांखालच्या मुलाच्या हातात तो दिसला की खुलासे करत बसावे लागतात.

सांडलेली बिअर मात्र दुर्लक्ष करण्याजोगी नाही. ओल्या काँक्रीटच्या पायरीवर अंधारात माणसं भराभर घसरतात. सफाईवाले येईपर्यंत जागा सोडायची नाही. तिथेच उभं राहून टॉर्चने ओला भाग दाखवायचा आणि लोकांना बाजूने वळवायचं.

वॉकीटॉकीवर बोलताना बटण दाबून एक सेकंद थांबावं, नाहीतर पहिला शब्द तुटतो, आणि नेमका सेक्शनचा आकडाच पहिला असतो. आधी ठिकाण, मग काय झालं, मग काय हवं: "सेक्शन २०४, रांग एम, खुर्ची १२. साधारण साठीच्या बाई, चक्कर आली, शुद्धीवर आहेत. मेडिकल पाठवा." नाव, कशामुळे झालं याचा अंदाज, निदान यांची गरज नसते. मदत येईपर्यंत त्या बाईंना उठवू नये. एका जोडीदाराला वाटेच्या तोंडाशी उभं करावं, म्हणजे येणाऱ्यांना रांग शोधावी लागत नाही.

प्रश्न: पाच तास त्या आवाजात उभं राहून कान जाणार नाहीत का? (एक वडील, न्यू जर्सी)

काळजी रास्त आहे. अमेरिकेच्या निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला ८ तास ही सुरक्षित मर्यादा, आणि आवाज दर ३ डेसिबल वाढला की वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १ आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. रॉकच्या मैफलीत खुर्च्यांच्या मध्यभागी ९५ ते १०० डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे कानात काही न घालता दिवसाची मर्यादा काही गाण्यांतच संपते.

फोमचे इअरप्लग पुरतात, पण नीट घातले तर. पाकिटावर २९ लिहिलंय म्हणून २९ डेसिबल कमी होतात असं समजू नका. कामाच्या जागेसाठी सावध हिशेब असा: आकड्यातून ७ वजा करा आणि निम्मे करा. २९ चे राहिले ११. तरीही १०० चे ८९ होतात आणि पंधरा मिनिटांच्या जागी साधारण तीन तास मिळतात. घालायची रीत: स्वच्छ हातांनी प्लग वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायचा. आरशात पाहिल्यावर प्लग कानाबाहेर लोंबताना दिसला तर तो नीट बसलेला नाही. समोरच्याचं बोलणं ऐकण्यासाठी एक प्लग काढून ठेवायची सवय मुलांना लागते, ती मोडा. संगीतासाठी मिळणारे सगळे सूर सारखे कमी करणारे प्लग थोडे महाग असतात, पण त्यांतून बोलणं बरंच स्वच्छ ऐकू येतं. प्लग घातल्यावर स्वतःचा आवाज मोठा वाटतो आणि मूल पुटपुटायला लागतं, हेही सांगून ठेवा.

नेमणूक स्पीकरच्या पुढ्यात असेल तर जागा आलटूनपालटून द्यायला सुपरवायझरला सांगता येतं. लॉनच्या मधल्या खांबांवरचे स्पीकरही तेवढेच जोरकस असतात, नव्या मुलांना ते लक्षात येत नाही. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर त्या दिवशीचं संरक्षण कमी पडलं असं समजावं.

प्रश्न: ऊन आणि विजा, दोन्हींचं काय?

उन्हात दर १५-२० मिनिटांनी एक कप, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर पाणी. तहान लागायची वाट पाहायची नाही. पण तासाला दीड लिटरच्या वर नको, जास्त पाण्यानेही रक्तातलं मीठ उतरतं. कॅलिफोर्नियात ८० अंश फॅरनहाइटला मालकाने सावली द्यावीच लागते, आणि अंग थंड करायला निदान पाच मिनिटं सावलीत बसायचा हक्क मागितल्यावर मिळतो. मागायला लाजू नये. डेन्व्हरजवळचं रेड रॉक्स ६,४५० फुटांवर आहे. तिथे ऊन सौम्य वाटलं तरी अंगातलं पाणी लवकर कमी होतं.

घाम येऊन थकलेला, मळमळणारा माणूस सावली आणि पाण्याने सावरतो. जो असंबद्ध बोलतो, कुठे आहे ते सांगू शकत नाही, त्याची गोष्ट वेगळी. तो उष्माघात असू शकतो. लगेच मेडिकल बोलवा आणि ते येईपर्यंत थंड पाणी, बर्फ, मिळेल त्याने अंग गार करत राहा. "दारू चढली असेल" म्हणून सोडून देणं ही तिथली सगळ्यात महागात पडणारी चूक.

विजांबाबत निर्णय अशर घेत नाही. प्रेक्षागाराचा माणूस हवामानावर नजर ठेवून असतो आणि घोषणा वरून होते. तुला कळायला हवं ते हे: बाजूंनी उघडं असलेलं छप्पर पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही. झाडाखाली तर नाहीच. सुरक्षित जागा दोनच, चारही बाजूंनी बंद इमारत किंवा पत्र्याच्या टपाची गाडी. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबतात, आणि मध्ये पुन्हा गडगडलं की घड्याळ पुन्हा शून्यापासून. लोक एकच विचारणार: "शो रद्द झाला का? पैसे परत मिळणार का?" उत्तर ठरलेलं: "आत्ता थांबवला आहे. पुढची घोषणा स्पीकरवर होईल. गाडीकडे जायची वाट ही." रद्द हा शब्द तुझ्या तोंडून गेला तर दोन मिनिटांत लॉनभर पसरतो आणि अर्धे लोक पार्किंगमधून निघून जातात.

प्रश्न: व्हीलचेअरवर आलेल्या गृहस्थांना मी "ही जागा तुमचीच ना, कार्ड दाखवा" असं विचारलं. सुपरवायझर रागावले. का? (वय १६)

कारण अपंगत्वाचा पुरावा मागायची परवानगी तुला नाही, आणि प्रेक्षागारालाही नाही. तिकीट बघायचं, बस. व्हीलचेअरच्या जागेच्या खरेदीदाराला शेजारी तीन सोबत्यांपर्यंत जागा घेता येतात, म्हणून तिथे कुटुंब एकत्र बसलेलं दिसलं तर उठवू नकोस. कुत्रा सोबत असेल तर दोनच प्रश्न विचारता येतात: तो अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला काय काम शिकवलंय. ओळखपत्र, प्रमाणपत्र, "आजार कोणता" हे काहीच नाही. खुर्ची ढकलायची असेल तर आधी विचार, परवानगीशिवाय हँडलला हात लावू नकोस.

प्रश्न: मुलीकडे बोस्टनला आलो आहोत. टँगलवुडला वाद्यवृंद ऐकायला गेलो, दहा मिनिटं उशीर झाला. दारावरच्या पोरीने पंधरा मिनिटं बाहेर उभं केलं. तिकीट असताना हे योग्य आहे का? (एक आजोबा, पुणे)

पोरीने नियमाप्रमाणेच केलं. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात गाणं चालू असताना ये-जा अंगवळणी पडलेली असते. इथे वाद्यवृंदाच्या कार्यक्रमात उशिरा आलेल्यांना फक्त ठरलेल्या विसाव्यात आत सोडतात: एक रचना संपल्यावर, किंवा भागांच्या मध्ये वादकांनी मान्य केलं असेल तेव्हाच. तो विसावा कुठे, हे अशरच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं, आणि तेवढ्या मिनिटभरात तिला दारावर साचलेली सगळी माणसं बसवायची असतात. रांग खाली आणि लांब असेल तर ती तुम्हाला तात्पुरतं मागेच बसवेल, मध्यंतरात आपल्या जागी जा. भाग संपल्यावर शांतता झाली म्हणून लगेच उठू नका, पुढचा भाग काही सेकंदांत सुरू होतो.

तिथल्या कुसेव्हित्स्की म्युझिक शेडमध्ये सुमारे पाच हजार खुर्च्या आहेत, १९३८ सालची वास्तू, आणि बाजू उघड्या. त्यामुळे दारावर थांबावं लागलं तरी शेडबाहेरच्या हिरवळीवरून ऐकता येतं. पुढच्या वेळी उशीर झालाच तर तिला विचारा, "तोवर हिरवळीवर उभं राहू का?" आनंदाने हो म्हणेल.

प्रश्न: पगारातून पैसे कापले. मी अजून शाळेत आहे, मग कर कशाला? (वय १७, कॅलिफोर्निया)

दोन वेगळ्या कपाती आहेत. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के, मिळून ७.६५, हे वय काहीही असो कापले जातात आणि परत मिळत नाहीत. कॅलिफोर्नियात राज्याच्या अपंगत्व विम्याची छोटी कपातही असते. आयकराचं वेगळं. नुसत्या पगारावर २०२५ साली १५,७५० डॉलरपर्यंत केंद्रीय आयकर लागत नव्हता. उन्हाळ्यात ताशी साडेसोळा डॉलर, म्हणजे २०२५ चं कॅलिफोर्नियाचं किमान वेतन धरलं, तरी तू त्याच्या जवळपासही जाणार नाहीस. मागच्या वर्षी आयकर लागला नसेल आणि यंदाही लागणार नसेल तर डब्ल्यू-फोर फॉर्मवर (पगारातून किती आयकर कापायचा ते मालकाला सांगणारा फॉर्म) "एक्झेम्प्ट", म्हणजे करकपातीतून सूट, असं नोंदवता येतं. नोंदवायचं राहिलं असेल तरी पैसे बुडाले नाहीत. जानेवारीअखेर मालक डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला देईल, तो घेऊन विवरणपत्र भर, कापलेला आयकर परत येतो. आई-बाबा त्यांच्या विवरणपत्रात तुला अवलंबून म्हणून दाखवतात, तेव्हा तुझ्या विवरणपत्रात "मला कुणीतरी अवलंबून म्हणून दाखवू शकतं" या चौकटीत खूण करायला विसरू नकोस. ती राहिली की त्यांचं विवरणपत्र अडकतं.

आणि जादा तासांचं दीडपट वेतन गृहीत धरू नकोस. वर्षातून सात महिन्यांपेक्षा जास्त न चालणाऱ्या करमणुकीच्या जागांना केंद्रीय कायद्यातून सूट आहे. कॅलिफोर्नियाचे स्वतःचे ओव्हरटाइमचे नियम आहेत, तेव्हा तुझ्या पावतीवर दिवसाचे आठ तास ओलांडलेले दिसले तर सुपरवायझरला नव्हे, पगार विभागाला विचार.